बसणं

उद्यमनगरात शटर वर गेलं
की आधी वास येतो, कालच्या बिडाच्या भुकटीचा,
मग दिसतं मशीन.
लिलावातलं. नावाची पाटी खरवडलेली.
टेबल डावीकडं केसभर जास्त झिजलेलं,
ते मला ठाऊक, मशीनला ठाऊक
आणि दस्तगीरमामांना.

मामांचा आवाज बसला त्याला दोन वर्षं झाली.
आता ते तेलाच्या पिंपावर बसतात
आणि मशीनच्या कॉलमवर खडूनं बोलतात.
आधी बोलायचे ते असं :
"ए विजयमाला,"
(पूर्ण नाव. मापात अर्धवट काही नको.)
"हात बसायला सहा वर्षं लागत्यात,
उठायला एकच कट."

आज टेबलावर चिखलीच्या घेवारींचं हेड.
गिरणीचं इंजिन, पंचगंगेनं
तीन दिवस पोटात ठेवून परत दिलेलं.
चार सीटा, चारींवर गंजाचे देवीसारखे व्रण.
घेवारी म्हणाले, "पीठ दळायचंय ताई,
शर्यत न्हाई लावायची."
तरीपण.
दीड मिलिमीटर म्हणजे दीडच.

जुन्या सीटवर सेंटर धरायचं नसतं.
ती आयुष्यभर आपटून घेत आलेली,
सांगते ते तिच्या सोयीचं.
गाईडला विचार, मामा म्हणायचे,
गाईड खोटं बोलत न्हाई.
म्हणून गाईडात पायलट, पायलटवर डायल,
टेबलाचं चाक इकडं एक रेघ, तिकडं अर्धी,
काटा थरथरतो,
मग थरथर विसरतो.

स्पिंडल सगळ्यात हळू गिअरला.
कटर हातानं उतरवते,
वाटीत तूप सोडावं तसा.
साठ आतून, तीस वरून,
मधे उरते पंचेचाळीसची अंगठी.
किंचाळला की थांबायचं,
सूर धरला की थांबायचं नाही,
आणि तळाला पोचल्यावर
फीड सोडून तीन फेऱ्या नुसत्याच.
काही कापत नाहीत त्या.
पण त्यांच्याशिवाय चकाकी बसत नाही.

व्हॉल्व्हला निळा लावला, दाबला, पाव फिरवला.
चारी अखंड कडी.
स्प्रिंगा चढवल्या, हेड उलटं केलं,
डिझेल ओतून घरी गेले.
सकाळी चौथ्याच्या पोर्टात
एक थेंब.
लोंबत. पडतही नाही, जातही नाही.

मी परत कटर बांधायला घेतला :
अजून जरा खाली नेली की बसेल.
मामा पिंपावरून उठले.
स्प्रिंग काढली, व्हॉल्व्ह अर्धा उचलला,
डोकं दोन बोटांत धरून हलवलं.
टिक.
टिक.
खालच्या तोंडाशी गाईड घंटेसारखं फाकलेलं,
आणि मी काल दिवसभर
त्यालाच विचारत होते.

खडू : 'गाईड पण झिजतंय.'
खडू खाली ठेवला नाही.
बऱ्याच वेळानं, त्याच्याखाली, बारीक अक्षरात :
'हे सांगायचं ऱ्हायलं.'

तीन गल्ल्या सोडून नवं गाईड मिळालं.
दाबून बसवलं, रीमर मारला,
पुन्हा पायलट, पुन्हा डायल,
पुन्हा त्या रिकाम्या तीन फेऱ्या.
डिझेल रात्रभर. पोर्ट राखेसारखं कोरडं.
घेवारींनी पोत्यात गुंडाळून हेड स्कूटरवर नेलं
आणि जाताना मजुरीतले पन्नास
नेहमीसारखे कमी दिले.

परवा संध्याकाळी फोन.
"ऐका," म्हणाले, आणि इंजिनापाशी धरला असावा,
कारण पुढं नुसतं इंजिन.
मी फोन मामांच्या कानाला लावला.
त्यांनी डोळे मिटले.
पिंपावर बोट चालत राहिलं, ठेका धरून.
एकदा अडलं.
पुन्हा चाललं, पुन्हा तिथंच अडलं.
मग खडू शोधला :

'झकास.
पण दोन नंबरचं टॅपेट
पाव फेरी सैल हाय.
सांग त्याला.
पीठच दळायचं असलं तरी.'